स्वेच्छेने स्वीकारलेले बंधन

ज्या राज्यात ईश्वराचे नाव जाहीरपणे उच्चारणे सरकारी मर्जीविरुद्ध समजले जाते ते सोडून, जेथे तसा मज्जाव नाही अशा देशी वास्तव्य केल्याने श्रद्धावान कलावंताला नेमके काय लाभते, हा प्रश्न आर्वो पॅर्ट या एस्टोनियन संगीतकाराच्या चरित्राने जितक्या निकडीने माझ्यापुढे उभा केला, तितका कोणत्याही धर्मग्रंथाने केला नाही.

१९३५ साली जन्मलेल्या पॅर्टची ‘क्रेडो’ ही रचना १९६८ मध्ये तालिन येथे सादर झाली. बाखचा एक निर्मळ प्रिल्यूड बारास्वरी कोलाहलात विदीर्ण होऊन पुन्हा उदयास येतो, अशी तिची घडण. परंतु अधिकाऱ्यांना खटकला तो कोलाहल नव्हे, तर तीत उच्चारलेला ख्रिस्तावरील विश्वास, आणि रचनेवर बंदी आली. त्यानंतर सुमारे आठ वर्षे, १९७१ ची तिसरी सिंफनी आणि चित्रपटांसाठी केलेले काम सोडल्यास, तो जवळजवळ मूक राहिला. या मौनाचे कारण केवळ बंदी होते, असे मला वाटत नाही. बंदी आलेली रचना दप्तरात का होईना, लिहिली जाते. पॅर्टला मात्र आपली पूर्वीची संगीतभाषाच परकी झाली होती, आणि ग्रेगोरियन गायनाचे अध्ययन करीत, ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारून, तो मुळाक्षरांपासून आरंभ करीत होता.

१९७६ मध्ये ‘फ्युर अलिना’ या लहानशा पियानोरचनेतून त्याची ‘टिंटिनाबुली’ पद्धती प्रकट झाली. तीत दोन स्वररेषा असतात: एक सप्तकाच्या पायऱ्यांनी चढते-उतरते, दुसरी मूळ त्रिस्वरसंघातील तीन स्वरांबाहेर कधीच पाऊल टाकीत नाही. आपल्या श्रोत्याला तंबोऱ्याचे स्मरण होईल. पण तंबोरा गायकाला आधार देऊन स्वतः स्थिर राहतो, तर येथे दुसरी रेषा पहिलीच्या प्रत्येक स्वराला, ठरलेल्या नियमाने, स्वराशी स्वर जुळवून साथ देते. पॅर्टच्या मते पहिली रेषा म्हणजे स्खलनशील मानवी ‘मी’, दुसरी म्हणजे क्षमा. संगीतातील एका नियमाला धर्मतत्त्वाचा भार पेलता येईल का, अशी शंका मला पूर्वी येई. ‘टाबुला रासा’ ऐकल्यावर ती उरली नाही.

१९८० मध्ये, सरकारी दडपण असह्य झाल्यावर, तो कुटुंबासह प्रथम व्हिएन्नास आणि पुढील वर्षी बर्लिनला गेला. हे लक्षात घेण्याजोगे आहे की परदेशाने त्याला शैली दिली नाही. ती मायभूमीतच, निर्बंधांच्या छायेत, पूर्णत्वास आली होती. परदेशाने त्याला दिले ते शब्द. बायबलमधील सारा नव्वदाव्या वर्षी माता झाली, त्या प्रतीक्षेवरील रचनेला तालिनमध्ये ‘मोडुस’ असे निरुपद्रवी नाव घ्यावे लागले होते. देशांतरानंतर मात्र ‘पास्सिओ’, ‘ते देउम’, ‘मिझेरेरे’ या रचना उघड्या नावांनी अवतरल्या. आणि येथेच मला उत्तर सापडते: हवे ते लिहिण्याची मुभा मिळालेल्या या माणसाने आपला नियम सैल केला नाही, उलट तो शास्त्रवचनांच्या अधिक स्वाधीन झाला, स्वरांची लांबी आणि विरामांचे स्थान त्याने शब्दांच्या घडणीवरच सोपवले. राजसत्तेचे फर्मान आणि स्वेच्छेने पत्करलेले व्रत, दोन्ही बंधनेच. पण पहिल्याने माणसाचा आवाज घेतला आणि दुसऱ्याने तो परत दिला.

एस्टोनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाला, तरी पॅर्ट मायदेशी परतला तो २०१० च्या सुमारास. त्याच वर्षी इस्तंबूल येथे प्रथम सादर झालेल्या ‘आदामाचा विलाप’ या रचनेत, अॅथॉस पर्वतावरील संत सिलुआन यांच्या शब्दांत, नंदनवनातून निष्कासित झालेला आदाम रडतो. पण त्याला सर्वाधिक दुःख हरपलेल्या उद्यानाचे नाही, ईश्वराच्या दुरावलेल्या प्रेमाचे आहे. स्वतः तीन दशके परक्या देशी राहिलेल्या संगीतकाराने वनवासाचा हा अर्थ निवडावा, यात मला त्याच्या श्रद्धेची खरी कसोटी दिसते.