फुप्फुस हे उघडं भांडं आहे का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांच्या टेबलावर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. समोर राक्षस उभा आहे. पुरोहिताचं पात्र खेळणाऱ्याकडे पाणी निर्माण करायचा मंत्र आहे, अगदी साधा, पहिल्या पातळीचा. पुस्तकात लिहिलंय की दहा गॅलनपर्यंत, म्हणजे अडतीसेक लिटर स्वच्छ पाणी उघड्या भांड्यात आणता येतं. खेळाडूचे डोळे चमकतात. "डीएम, ओरडतोय ना तो? म्हणजे तोंड उघडं. श्वासनलिका उघडी. मग फुप्फुसं म्हणजे उघडं भांडंच की! भरलं पाणी. मेला."

हशा पिकतो, आणि मग सगळे डीएमकडे बघायला लागतात. डीएम म्हणजे डंजन मास्टर. तो गोष्टीतलं जग उभं करतो, त्यातले शत्रू चालवतो आणि वर पंचही तोच असतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात. जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे टाकतात. बोलून जे काही करता येईल ते करून पाहायची मुभा हाच या खेळाचा प्राण, आणि डीएमची डोकेदुखीही तीच. मंत्र शेकड्यांनी आहेत. कोणता कशाशी जुळवला तर काय होईल, हे सगळं पुस्तकात लिहून ठेवणं शक्यच नाही.

फुप्फुसांबाबत 'नाही' म्हणायला आधार जुना आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट नियम होता: मंत्राने निर्माण केलेली वस्तू दुसऱ्या सजीवाच्या आत प्रकट होऊ शकत नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तो नियम उरला नाही. पण तो नसला तरी किमतीचा मुद्दा आहेच. नवव्या म्हणजे सर्वोच्च पातळीवर एका शब्दाने मारणारा मंत्र आहे, आणि तोही शंभर किंवा त्याहून कमी हिट पॉइंट, म्हणजे जीवबळ, उरलेल्यालाच मारतो. तेच काम पहिल्या पातळीचं पाणी करणार असेल, तर बाजूला बसून वर्षभर आपला जादूगार वाढवत आणलेल्या मुलीने काय करायचं? 'मजा येतेय ना, मग होऊ दे' म्हणणारे डीएम लोकप्रिय असतात, पण ती मजा बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून आलेली असते.

मला मात्र या युक्तिवादाची रचना जास्त बघण्यासारखी वाटते. पाणी आत शिरेपर्यंत खेळाडू पुस्तकातल्या शब्दावर उभा असतो: 'उघडं भांडं' म्हटलंय ना, झालं तर. पाणी आत गेलं की तो टुणकन शरीरशास्त्रावर उडी मारतो: फुप्फुसात पाणी म्हणजे माणूस मेलाच. पुस्तकात गुदमरण्याचे स्वतंत्र नियम आहेत, काही मिनिटं श्वास रोखून धरता येतो, पण तिथे त्याला पुस्तक नको असतं. हे दोन्ही डगरींवर पाय ठेवणं झालं.

याच जातीचा प्रसिद्ध नमुना म्हणजे शेतकऱ्यांची रांग. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची. हातातली वस्तू शेजाऱ्याला देण्याची कृती आधी 'तयार' ठेवता येते. मग दोन हजार शेतकरी पाच-पाच फुटांवर उभे करा आणि भाला हातोहात पुढे सरकवा. सहा सेकंदांत तो दहा हजार फूट जातो, म्हणजे ध्वनीपेक्षाही वेगाने. इथवर सगळं नियमानुसार. मग शेवटचा शेतकरी तो भाला फेकतो आणि खेळाडू म्हणतो, या वेगाने किल्ल्याची भिंत फुटलीच पाहिजे. पण नियमाने चाललात तर फेकलेल्या भाल्याची इजा एका सहाबाजूंच्या फाशाइतकीच. भौतिकशास्त्राने चालायचं असेल तर शेतकऱ्यांचे हात मुळात तेवढे वेगाने हलणार नाहीत. २०२४च्या डंजन मास्टरांच्या पुस्तकाने या रांगेचा जवळजवळ नाव घेऊन समाचार घेतला: हे नियम खेळ चालावा म्हणून आहेत, त्या जगाचं भौतिकशास्त्र सांगण्यासाठी नाहीत.

एकाच डगरीवर उभं राहिलं की काय होतं याची मौजही या खेळाच्या इतिहासात आहे. १९७८च्या प्लेयर्स हँडबुकमधला अग्निगोळा हा खराखुरा स्फोट होता. त्याचं आकारमान सुमारे ३३,००० घनफूट, आणि जागा अरुंद असेल तर आग मिळेल तिथे पसरणार. दहा फूट रुंद, दहा फूट उंच भुयारात हिशेब करून बघा: ३३० फूट लांबीची आग, दोन्ही दिशांना १६५ फूट. दीडशे फुटांवर टाकला तरी टाकणारा भाजलाच. कितीतरी जादूगार शत्रूच्या हातून नव्हे, या भागाकाराने मेले असतील. आजचा अग्निगोळा वीस फूट त्रिज्येचा, त्यापुढे जात नाही. हिशेब सोपा झाला, पण भुयारात आग पेटवताना वाटायची ती भीती गेली, याची मला जरा हळहळ आहे.

नुसत्या शब्दावर उभं राहण्याचा नमुना २०१४च्या अदृश्यतेत सापडतो. अदृश्य असण्याचे फायदे तिथे वेगवेगळ्या वाक्यांत मांडले होते. एक, तुम्ही दिसत नाही. दोन, तुमच्यावरचा वार अवघड आणि तुमचा वार सोपा. दुसऱ्या वाक्यात 'दिसत नसाल तर' अशी अट नव्हती. त्यामुळे अक्षरशः वाचलं तर अदृश्य गोष्टी दाखवणारा मंत्र मारून शत्रूला स्वच्छ बघणाऱ्यालाही तो वार अवघडच! यावर पानंच्या पानं भांडणं झाली. शहाण्या टेबलांनी हे वाचन केव्हाच सोडून दिलं होतं. २०२४मध्ये छापील नियमानेही हार मानली आणि समोरच्याला तुम्ही दिसत असाल तर फायदा नाही, असं लिहून टाकलं.

छापील शब्द बाजूला ठेवायचा हा अधिकार टेबलाला कुठून आला? वंशावळ बघितली तर नियमपुस्तकाच्या आधी पंच आलाय. १८२४मध्ये प्रशियाच्या राइसवित्स नावाच्या लेफ्टनंटने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ मांडला, फासे आणि तक्त्यांसकट. तक्ते इतके किचकट झाले की १८७६मध्ये व्हेर्डी दु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सरळ सुचवलं, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते मान्य करा. हा विचार अमेरिकी सैन्यातल्या टॉटनच्या १८८०च्या 'स्ट्रॅटेगोस'मध्ये उतरला. ते जुनं पुस्तक १९६०च्या दशकात मिनेसोटातल्या डेव्हिड वेसलीच्या हाती लागलं. त्याच्या ब्राउनस्टाइन या खेळात खेळाडू भलतंच काही करायला निघाले आणि तो जागेवर निर्णय देत गेला. त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होता. पुढे त्याने आणि गॅरी गायगॅक्सने १९७४मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स छापलं, तीन बारीक पुस्तिकांत.

नियम भांडले की निवाडा देणाऱ्या निर्णयग्रंथांची तर आपल्याकडे परंपराच आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास 'धर्मसिंधु' रचला तो शास्त्रवचनं एकमेकांशी भांडतात म्हणूनच. अमावास्या दोन दिवसांत विभागून आली की लक्ष्मीपूजन आज की उद्या, याचा वाद २०२४च्या दिवाळीत आपण सगळ्यांनी अनुभवला. उपाध्यायांना निदान लिहायला सवड होती. डीएमच्या समोर पाचजण हातात फासे खुळखुळवत बसलेले असतात.

म्हणून मी डीएम असताना दोनच प्रश्न विचारतो. पहिला: बाबा रे, शब्दाने चालायचं की वास्तवाने? एक निवड आणि शेवटपर्यंत तिथेच राहा. दुसरा: उद्या शत्रूने हेच तुमच्यावर केलं तर चालेल का? फुप्फुसाचा दावा बहुतेक जण इथेच हसून सोडून देतात.

पण काही युक्त्या या दोन्ही प्रश्नांतून सुखरूप बाहेर येतात, आणि त्यांना अडवणारा डीएम मला कद्रू वाटतो. एकाने चौथ्या पातळीचा विषारी उजेड पाडायचा. त्यात उभं राहिलेल्याला प्रत्येक फसलेल्या बचावागणिक थकव्याची एक पायरी चढते, आणि सहावी पायरी म्हणजे मृत्यू. दुसऱ्याने त्यावर पाचव्या पातळीच्या अदृश्य, अभेद्य भिंतीचा घुमट घालायचा. दोन्ही मंत्र दहा मिनिटं टिकतात. दोन्हींना एकाग्रता लागते, आणि ती एका जादूगाराला एका वेळी एकाच मंत्रावर धरता येते, म्हणून माणसं दोन लागतात. क्रूर आहे, पण शब्दाने बरोबर आहे, गोष्टीत पटतं, आणि किंमत दोघांनी मोजलेली आहे. मी होकार देतो. त्यानंतरच्या सत्रात ज्याच्या-त्याच्या तयार मंत्रांच्या यादीत 'मिस्टी स्टेप' दिसायला लागतो. दुसऱ्या पातळीचा मंत्र, तीस फुटांची उडी. पोचायची जागा डोळ्यांना दिसली की पुरे, आणि घुमट तर पारदर्शक असतो.