निवांतपणाची किंमत

गर्दीला नावे ठेवताना माणूस स्वतःला त्या गर्दीतून वजा करूनच मोजतो. डुब्रॉव्हनिकच्या तटावर रांगेत उभा असताना मीही तेच करीत होतो. पाठीवर पिशवी, खिशात बेताचे पैसे आणि मनात एक लहानशी ऐट : हे सारे सहलकरी, प्रवासी काय तो मी!

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील ह्या जुन्या शहरात तटाच्या आत १९९१ साली पाच हजारांच्या आसपास माणसे राहत होती. आता दीड हजारांच्या आसपास उरली आहेत. राहत्या घरांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. अखेर २०१९ पासून दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी बोटी, असे बंधन घालावे लागले. ज्यांचे गाव पाहायला आपण जातो, तेच आपल्या जाण्याने गाव सोडतात.

म्हणून पळालो. बसने बोस्नियात शिरलो. मोस्तारचा १५६६ सालचा पूल १९९३ साली तोफांनी पाडला गेला आणि २००४ साली पुन्हा उभा राहिला. त्याच्यावरही खांद्याला खांदा घासत होता. तेव्हा आणखी पूर्वेला, सर्बियाच्या सीमेजवळच्या विशेग्राडची वाट धरली. वाटेतले फलक लॅटिन आणि सिरिलिक अशा दोन लिप्यांत होते, आणि कित्येकांवर त्यांतली एक लिपी रंग फासून पुसलेली होती. त्याचा अर्थ आम्हां सीमाभागातल्या माणसांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

विशेग्राडचा अकरा कमानींचा पूल सोळाव्या शतकात वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच ह्याने बांधवला. इव्हो आंद्रिच ह्यांची १९४५ सालची कादंबरी ह्याच पुलाची. १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पुलाच्या मध्यावर दगडी बैठक आहे. संध्याकाळी तिथे मी एकटा बसलो. खाली द्रिना नदीचे हिरवे पाणी, भोवती डोंगर, माणूस म्हणून नाही. हवे होते ते सापडले, असे वाटले.

मग रात्री खोलीवर वाचत बसलो. १९९१ च्या जनगणनेत ह्या तालुक्यातले साठ टक्क्यांहून अधिक लोक मुसलमान होते. १९९२ साली त्यांना मारले गेले, हाकलले गेले. मी बसलो होतो त्याच पुलावरून माणसे नदीत फेकली गेली. हेगच्या न्यायाधिकरणापुढे त्याच्या साक्षी झाल्या. गावाबाहेर, पाइन वृक्षांच्या रानात ऊन पाण्याच्या झऱ्यांचे एक विश्रामगृह आहे. तिथे बायकांना डांबून अत्याचार झाले. युद्धानंतर ते पाहुण्यांसाठी पुन्हा उघडले. किम व्हर्को ही ऑस्ट्रेलियातील नाट्यकर्मी काहीच ठाऊक नसताना तिथे एक रात्र राहिली. कळले तेव्हा तिला ते पेलवेना. त्यावर तिने नाटक केले आणि पुढे २०१३ साली यास्मिला झ्बानिच हिने चित्रपट.

मला झोप आली नाही. संध्याकाळचा माझा आनंद खोटा होता काय? खोटा म्हणवत नाही. नदी तीच होती, पूलही तोच. पण एकांत वेगळा आणि ओसाडी वेगळी. एकांत आपण आपल्यासाठी निवडतो. ओसाडी दुसऱ्या कोणावर लादलेली असते. वाटसरूला दोन्ही सारखीच निवांत वाटतात, खरी गोम इथेच आहे. 'जिथे कोणी नाही अशी जागा हवी' असे आपण सहज म्हणतो; त्या 'कोणी नाही'मध्ये कोण कोण नाही, हे मात्र विचारीत नाही.

कोणी म्हणेल, असे पाहू गेले तर पाय ठेवायला जमीन उरणार नाही. रक्त कुठे सांडलेले नाही? शिवाय प्रवासी फिरकला नाही तर मागे उरलेल्या गरिबाची चूल कशी पेटावी? दोन्ही आक्षेप खरे आहेत. म्हणूनच 'जाऊ नये' असे मी म्हणत नाही. ठाऊक नसणे हा गुन्हा नव्हे. पण निवांतपणा बिघडेल म्हणून न विचारणे, हे अज्ञान नसून सोय आहे. पाहुण्याने घरात शिरताना घरची माणसे कुठे आहेत, एवढे तरी विचारावे.

दुसऱ्या दिवशी मी मुसलमानांच्या कबरस्तानात गेलो. तिथे मृतांचे स्मारक आहे. त्यावर कोरलेला 'वंशसंहार' हा शब्द २०१४ साली पालिकेने घासून काढला होता. वाटेतले रंग फासलेले फलक आठवले. आधी लिपी पुसतात, मग माणसे, आणि शेवटी माणसे पुसल्याची खूणही. त्यानंतर जी शांतता उरते, तिच्या शोधात माझ्यासारखे पाठीवर पिशवी घेऊन येतात.

परतताना पुन्हा पुलावरून आलो. बैठक रिकामीच होती. थोडा वेळ बसलो. पण 'मी एकटा आहे' असे ह्या वेळी वाटले नाही.