हंगाम कुणाच्या नावावर?

पॉली उम्रीगर मूळचे सोलापूरचे, हे इथला क्रिकेटवेडा माणूस आजही अभिमानाने सांगतो. १९२६ साली जन्म इथला. पुढे शाळेच्या वयातच कुटुंब मुंबईला गेले. ऑक्टोबर १९४८ मध्ये भारतात आलेल्या वेस्ट इंडीजविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच डिसेंबरात मुंबईच्या कसोटीत त्यांना जागा मिळाली. पुढची कारकीर्द जाणकारांना पाठ आहे: ५९ कसोटी, १२ शतके, १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, म्हणजे भारतीयाचे कसोटीतले पहिले द्विशतक. पण त्या संयुक्त विद्यापीठ संघातले बाकीचे दहा जण कोण होते, हे सहसा कुणी विचारतही नाही.

महाविद्यालयीन खेळ आपल्या लेखी शिडी आहे. जो वर पोचला, त्याच्या पायाखालची पायरी तेवढी लक्षात राहते. झोनल, इंटरझोनल, मग आंतरविद्यापीठ, जमल्यास रणजी. १९३५-३६ पासून रोहिंटन बारिया करंडकासाठी विद्यापीठे भिडत आली, पण त्या स्पर्धेची महती सांगतानाही आपण पुढे कोण कोण कसोटी खेळले याचीच यादी वाचतो. संघाचा हंगाम म्हणून एक गोष्ट असते, तिला स्वतःची चढउतार, स्वतःची हार असते, हे आपल्याला सुचत नाही.

अमेरिकेत नेमके उलटे घडले. तिथला अंडाकृती चेंडूचा फुटबॉल १८६९ पासून कॉलेजांत खेळला जाऊ लागला. आजची व्यावसायिक लीग १९२० ची. तोवर कॉलेजचा हंगाम हेच शिखर होऊन बसले होते. २९ ऑक्टोबर १९२१ रोजी केंटकीतल्या सेंटर या अगदी छोट्या कॉलेजने बलाढ्य हार्वर्डला ६-० असे हरवले. एखाद्या रासायनिक सूत्रासारखे लिहिलेले ‘सी ६ एच ०’ तिथल्या एका इमारतीच्या भिंतीवर रंगवले गेले आणि ते जपलेही गेले. तो हंगाम कुणा एका खेळाडूचा नाही, कॉलेजचा आहे.

या नोंदींचा उपयोग केवळ मिरवण्यापुरता नसतो. १९०५ च्या हंगामात मैदानावरच्या दुखापतींनी मेलेल्यांची मोजणी शिकागोच्या एका वृत्तपत्राने छापली. आकडा १९ होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याच शरदात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून घेतले होते. १९०६ मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला मुभा मिळाली, खेळ मोकळा झाला. हंगाम मोजला नसता तर ते मृत्यू सुटे अपघात म्हणून विरून गेले असते. तिथल्या कॉलेज खेळात पुढे जो पैसा आणि जी मग्रुरी शिरली, ती मात्र आपल्याला नको. हिशेब ठेवायची खोड घ्यावी.

सोलापुरात हा हिशेब आणखी अवघड झाला, कारण इथल्या महाविद्यालयांच्या डोक्यावरची छत्रीच बदलत गेली. दयानंद महाविद्यालय १९४० चे. तेव्हा मुंबई विद्यापीठ होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, आणि २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठीचे सोलापूर विद्यापीठ. संगमेश्वरसारखे १९५३ चे महाविद्यालयही तीन विद्यापीठांच्या झोनमधून खेळले. मुले सोलापूरची, कलर मात्र पुण्याचा किंवा कोल्हापूरचा. अशा खेळाडूंचा विजय कुणाच्या इतिहासात मोडतो? बहुधा कुणाच्याच नाही.

उरतो तो महाविद्यालयाचा वार्षिक अंक. त्यातला जिमखाना अहवाल उघडून पाहा. ‘आमच्या संघाने चुरशीची लढत दिली’ असे एक वाक्य असते. लढत कुणाशी, कोणत्या मैदानावर, किती धावांनी हरलो, काही नाही. छायाचित्रात मध्यभागी प्राचार्य, शेजारी फिजिकल डायरेक्टर, मागे ब्लेझर घातलेली मुले. नावे डावीकडून उजवीकडे, तीही आडनाव आणि आद्याक्षरांत. स्वागताला हार कुणी घातला याची नोंद मात्र चुकत नाही!

विद्यापीठाचा क्रीडा विभाग दरवर्षी प्रत्येक संघाचे एक पान तरी छापू शकतो: तारीख, मैदान, गुणफलक, खेळाडूंची पूर्ण नावे, पराभव धरून. पैशाचे कारण पुढे करता येणार नाही. मागचे काढायचे तर कोल्हापूर, पुणे, मुंबई अशा तिन्ही ठिकाणची दप्तरे चाळावी लागतील, आणि ते काम कंटाळवाणे आहे. त्याआधी माणसे गाठावीत. १९६२ मध्ये कोल्हापूरच्या झोनमध्ये पहिल्यांदा उतरलेली पोरे आज ऐंशीच्या पुढे आहेत. आपण हरलेले सामनेही त्यांना ओव्हरसकट आठवत असतील.