रुपया पडला, कर्तृत्व कुणाचं?

मे 2013 च्या सुरुवातीला डॉलर 54 रुपयांच्या आसपास होता. 28 ऑगस्टला तो 68 च्या पुढे गेला. आम्हा आयटीवाल्यांचं गणित सोपं: कंपनीची बरीचशी कमाई डॉलरमध्ये, इथले पगार रुपयात. म्हणजे कोडची एक ओळही जास्त न लिहिता नफा फुगतो. (सगळा नाही. काही भाग हेजिंगमध्ये, म्हणजे आधीच बांधून घेतलेल्या दरात, अडकलेला असतो.)

आता पुण्याचीच सुझलॉन बघा. पवनचक्क्या बनवणाऱ्या या कंपनीने 2007 मध्ये परदेशी रोख्यांतून डॉलर उचलले, तेव्हा डॉलर 40 च्या घरात होता. ऑक्टोबर 2012 मध्ये परतफेडीची वेळ आली तेव्हा तो 50 च्या वर होता, आणि 20.9 कोटी डॉलर थकले. दोष एकट्या रुपयाचा नव्हता. युरोपातल्या कंपन्या घेताना काढलेलं कर्ज होतं, मंदीही होती. पण तोच घसरता रुपया एकाच शहरात कुणाला हुशार ठरवत होता आणि कुणाला बेजबाबदार.

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये याला 'मॉरल लक' म्हटलं. नेगेलच्या उदाहरणात एका ट्रकवाल्याने ब्रेक तपासलेले नाहीत. रस्त्यात मूल आडवं आलं, तर तो आयुष्यभराचा अपराधी. नाही आलं, तर नुसता निष्काळजी. चूक मात्र तेवढीच. डॉलरमध्ये कर्ज काढून दर बांधून न घेणं मला त्या ब्रेकसारखं वाटतं. 40 चा दर टिकला असता, तर त्याच निर्णयाला आपण धाडस म्हटलं असतं.

गंमत म्हणजे कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. तिमाही निकालात वाढीचा एक आकडा 'कॉन्स्टंट करन्सी'मध्ये देतात, म्हणजे विनिमय दराचा परिणाम वजा करून. गुंतवणूकदाराला नशीब वेगळं काढून दाखवायचं, ही तिथली रीत. अप्रेझलच्या खोलीत ती पाळलेली मी पाहिली नाही. तिथे हाइक म्हणजे मेरिट, आणि प्रोजेक्ट बंद पडला तर 'परफॉर्मन्स'.

हाइक परत करा असं मी म्हणत नाही. तो अन्यायाने मिळालेला नसतो, पण निव्वळ कमावलेलाही नसतो. शिवाय भारत 80 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, डॉलर मोजून. आपला पगार वाढवणारी घसरण जेवण घेऊन येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याचं पेट्रोलही महाग करू शकते. त्याची कमाई आणि खर्च, दोन्ही रुपयातच असतात.