तापीकाठची पहाट आणि मोबाइल



मागे आपल्या ग्रुपवर एक प्रश्न आला होता आणि त्यावर तीन दिवस चांगलीच गरमागरमी झाली. पहाटे नदीवर स्नानाला, ध्यानाला जाताना मोबाइल न्यावा की नेऊ नये? एका काकांनी लिहिलं, सरळ बंदी करा, साधनेच्या वेळी यंत्र कशाला. त्यावर तरुण मंडळींनी लिहिलं, काका, रोज सकाळी उगवत्या सूर्याचा फोटो तर तुम्हीच पाठवता! काकांनी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि विषय तिथेच संपला. मला तो संपलेला बरा वाटला नाही. या वेळी लेखाची सेवा माझ्याकडे आली आहे, तर त्यावरच लिहिते.

आधी हे मान्य करू की पहाटेचा उजेड वेगळाच असतो, तो काही फोटोवाल्यांच्या मनाचा खेळ नाही. सूर्य खाली असतो तेव्हा त्याचा प्रकाश कितीतरी जास्त हवेतून वाट काढत येतो. त्यातला निळा भाग वाटेतच विखरून जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो पिवळा-केशरी. शिवाय तो आडवा येतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात. राजघाटावर उभं राहून बघा. नदीतला दगडी हत्ती दुपारी नुसता काळा गोळा दिसतो, पण सकाळी त्याच्या अंगावरचा एकेक उंचवटा वेगळा दिसतो. थंडीत पाण्यावरून वाफ निघते आणि पलीकडचं जैनाबाद धुक्याच्या पडद्यांमागून एकेक करून पुढे येतं. शहराबाहेर केळीच्या बागेत तर मागून ऊन आलं की पान काचेसारखं होतं, आतली शीर न् शीर मोजून घ्या.

आणि हे सगळं फार थोडा वेळ. सूर्याची पहिली कड दिसल्यापासून पूर्ण बिंब वर यायला आपल्याकडे सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. अर्ध्या-पाऊण तासात तो सोनेरी रंग गेलेला असतो. म्हणजे ज्याला हा फोटो हवा त्याने साडेचारला उठायचं, अंधारात जागा धरायची, गप्प उभं राहायचं आणि ढग आले तर काही न बोलता परत यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्यातल्या किती जणांचा नेम इतका कडक आहे? म्हणून फोटोवाल्यांना हसू नये असं माझं मत आहे.

‘डोळ्याने बघावं तेच खरं, कॅमेऱ्यातली सगळी माया’ असंही कुणी म्हणालं होतं. शास्त्र त्यात एक गंमत सांगतं. क्षितिजावर टेकलेला जो सूर्य आपण पहाटे बघतो, तो खरं तर अजून क्षितिजाच्या खालीच असतो. हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि आपल्याला त्याचं बिंब आधीच दिसतं. म्हणजे डोळाही थोडी माया करतोच. मोबाइल मात्र जास्त करतो. तो एकाऐवजी चार-पाच फोटो घेऊन त्यांचा एक करतो, आणि सोनेरी उजेड त्याला चूक वाटतो म्हणून पांढरा करायला बघतो. मग मुलं वरून रंग वाढवतात. मोबाइलने पुसलेला रंग परत आणला तर त्यात मला खोटं काही दिसत नाही. पण निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या चौकटीबाहेर ठेवायच्या, पाणी काश्मीरसारखं निळं करायचं आणि खाली ‘तापीमाई किती निर्मळ’ असं लिहायचं, हे खोटंच. असो.

आता स्मरणाचं बघा. आपण म्हणतो, आठवण राहावी म्हणून फोटो काढते. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठात लिंडा हेंकेल नावाच्या बाईंनी यावर प्रयोग केला, तो २०१४ मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवत होत्या! काम मोबाइलवर सोपवलं की मन सुट्टीवर जातं. पण याच प्रयोगात पुढचं जे निघालं ते लोक सांगत नाहीत. ज्यांना वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितला होता, त्यांच्या ती नीट लक्षात राहिली. म्हणजे दोष यंत्राचा नसून लक्ष कुठे होतं याचा आहे.

आणि खरं सांगा, आपण तरी हे फोटो आठवणीसाठी काढतो का? २०१८ च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये बातमी होती. भारतातले इतके फोन भरून का अडकतात याचा गूगलच्या लोकांनी शोध घेतला, तर कारण निघालं सकाळचे ‘गुड मॉर्निंग’ फोटो. वाचून हसले होते मी. पण त्या फोटोमागे ‘मी आहे, तुम्हीही असा’ एवढंच सांगायचं असतं, आणि ते काही वाईट नाही.

मग बिघडतं कुठे? ज्या गोष्टीमुळे लिहावंसं वाटलं ती आता सांगते. नाव सांगत नाही, घाटही सांगत नाही.

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. चाळीसेक वर्षं कार्तिकस्नान चुकवलेलं नाही. पाठ पार वाकली आहे, तरी काठी टेकत पहाटे घाटावर येतात. आपल्याच सत्संगातला एक मुलगा, कॉलेजात शिकतो, भंडाऱ्याला सगळ्यात आधी येऊन पाण्याच्या टाक्या भरणारा, अगदी गुणी. त्याने एक फोटो काढला. समोर नुकताच वर आलेला सूर्य, पाण्यावर वाफ, आणि मधोमध एक वाकलेली काळी आकृती अर्घ्य देते आहे. तांब्यातून पडणारी धार सोन्याच्या दोऱ्यासारखी. फोटो खरंच सुंदर होता. त्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला, ‘शुभ प्रभात’ लिहून. तिथून मावशीच्या ग्रुपवर, तिथून रावेर, जळगाव, आणि चौथ्या दिवशी तो सुरतला असलेल्या आजींच्या मुलाच्या फोनवर, त्याच्या सासरकडून! खाली कुणीतरी सुविचार चिकटवला होता.

मुलाने लगेच ओळखलं. चेहरा दिसतच नव्हता, पण पाठीचा बाक आणि उजव्या कोपराला डाव्या हाताचा आधार द्यायची पद्धत लेकाला ओळखू येणार नाही तर कुणाला? ओल्या लुगड्यातली आई गावभर फिरते आहे हे त्याला सहन झालं नाही. त्याने फोन केला, “आई, उद्यापासून घरीच अंघोळ कर.” कार्तिकाचे अकरा दिवस उरले होते. आजी घरी बसल्या. (मुलाचंही चुकलंच, आईच्या स्नानाची लाज वाटायचं कारण काय? पण तो वेगळा विषय आहे.)

फोटो काढणारा मुलगा मला म्हणाला, “काकू, तोंड तर दिसत नाही, नुसती सावली आहे. आणि माझ्या मनात वाईट काही नव्हतं.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच तर मला झोप लागेना. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की भाव शुद्ध असला की झालं. इथे भाव शुद्ध होता आणि तरी एका म्हातारीचं स्नान सुटलं. भाव शुद्ध असल्याने त्या मुलाच्या पदरी दोष कमी पडेल, पण आजींना त्यांचे अकरा दिवस कसे परत मिळणार?

कुणी म्हणेल, घाट सगळ्यांचाच आहे, तिथे गेलं की लोक बघणारच. बरोबर आहे, बघतात. पण घाटावरच्या बघण्याला एक रीत असते, ती कुणी लिहून ठेवलेली नाही. पुरुष मंडळी जरा पुढे जाऊन पाण्यात उतरतात. बायका एकमेकींना लुगड्याचा आडोसा धरतात. दिसतं सगळं, पण कुणी बघत राहत नाही. आणि जे दिसतं ते तिथेच राहतं, ओल्या पायऱ्यांवरून कुणी ते घरी घेऊन जात नाही. त्या भरवशावर आजी चाळीस वर्षं तिथे उतरल्या. फोटोने ते दृश्य उचलून अशा लोकांपुढे नेलं जे त्या भरवशात कधी नव्हतेच. माझ्या मते बिघडलं ते इथे, बघण्यात किंवा टिपण्यात तितकं नाही.

आपली तापी सूर्यकन्या, हे आपण जाणतोच, आणि तिची आई छाया. मराठीत फोटोला आपण छायाचित्र म्हणतो. शाळेत मला वाटायचं, उजेडाने काढलेल्या चित्राला सावलीचं नाव कशाला? आता वाटतं, नाव ठेवणाऱ्याला कळत होतं. ‘नुसती सावली आहे’ असं तो मुलगा म्हणाला, पण ती सावली आजींची होती.

तर मग काकांचं ऐकून बंदी करावी? बंदीलाही जागा असते. उज्जैनला महाकालाच्या मंदिरात २०२२ च्या डिसेंबरपासून मोबाइल न्यायला मनाई आहे आणि ते मला पटतं. मागे शेकडो लोक ताटकळत असताना एकाने फोटोसाठी थांबायचं हे चालणार नाही. आपल्या असीरगडाचंही बघा. वीसेक किलोमीटरवर आहे, आपण सगळे जाऊन आलोय. तिथल्या शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटेआधी येऊन पूजा करून जातो आणि पिंडीवर ताजं फूल सापडतं, असं आपले आजोबा-पणजोबा सांगत आले. आता लोक कॅमेरे घेऊन रात्र काढायला जातात, पुरावा पाहिजे म्हणून. समजा सापडला पुरावा, तर काय कराल? फॉरवर्ड कराल. ज्याची पूजा कुणी बघू नये अशी आहे, त्याला ती एकट्याने करू द्यावी, एवढं तरी आपण ठेवू.

पण नदीवर सरसकट बंदी मला पटत नाही, आणि त्याचं कारणही एक आजीच आहेत, दुसऱ्या. तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावर. त्यांची नात रोज सकाळी त्यांना त्या मुलाने पाठवलेला तापीचा फोटो दाखवते. आजी हात जोडतात आणि मगच चहा घेतात. त्यांच्यासाठी आता नदी तेवढीच उरली आहे. ती कोण कोणत्या तोंडाने बंद करणार? कार्तिकाच्या शेवटी त्यांनी नातीला विचारलं म्हणे, “ती वाकलेली बाई आताशा दिसत नाही गं, बरी आहे ना?”

आपण अर्घ्य देतो तेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात. पाणी सोडायचं आणि त्या धारेतून सूर्य बघायचा, म्हणजे द्यायचं आधी आणि बघायचं नंतर. त्या वेळी तिसरा हात नसतो मोबाइल धरायला. माझं म्हणणं इतकंच आहे की ती पहिली सव्वादोन-अडीच मिनिटं यंत्र पिशवीत राहू द्या. उजेड पुढे अर्धा तास चांगला असतो, तेव्हा काढा की फोटो, हत्तीचे काढा, वाफेचे काढा, केळीच्या पानांचे काढा. माणूस असेल तर विचारा, आणि ‘ग्रुपवर टाकू का’ हे वेगळं विचारा, कारण फोटो काढू देणारी बाई तो सुरतपर्यंत जाऊ देईलच असं नाही.

हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “काकू, विचारलं की फोटो मरतो. माणूस पदर सावरतो, हसतो, मग ते राहतच नाही.” मी म्हटलं, मग मरू दे काही फोटो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मग त्या आजी अंथरुणावरून काय बघतील?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

पौर्णिमा झाल्यावर मी त्या पहिल्या आजींकडे प्रसाद घेऊन गेले होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “साऱ्या गावाने पाहिला तो फोटो, मला कुणी दाखवला नाही.” त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. माझ्या मोबाइलमध्ये होता, मी दाखवला. चष्मा लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“इतकी वाकलीय का गं मी?” म्हणाल्या. मग जरा वेळाने, “पाणी छान पडलंय पण.”

पुढच्या कार्तिकात याल ना, असं मी विचारलं. “बघू,” म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.