दुसऱ्याच्या वतीने

‘वकील’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला, आणि पेशवाईच्या काळात त्याचा रूढ अर्थ आजच्याहून निराळा होता. परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा, आणि पत्रोत्तर यायला दिवस लागत असल्यामुळे प्रसंगी धन्याच्या मनात काय असेल याचा स्वतःच अंदाज बांधून बोलणारा, तो वकील. न्यायालयातील आजच्या वकिलाच्या बाबतीत हे अंतर सहसा जाणवत नाही. अशील शेजारीच बसलेला असतो व त्याला आपले म्हणणे सांगता येते. परंतु अशील जेव्हा सात-आठ वर्षांचे मूल असते, आणि बोलणे, ऐकणे किंवा आकलन यांपैकीच कशाची तरी त्याला अडचण असते, तेव्हा वकिलीचा तो जुना अर्थ पुन्हा पुढे येतो. अमेरिकेत विकलांग मुलांच्या शिक्षणहक्कासाठी काम करणाऱ्या वकिलांचा व्यवसाय या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोठवर पोचतो, हा एरवी तात्त्विक वाटणारा प्रश्न त्यांना रोजच्या कामकाजात सोडवावा लागतो.

हा व्यवसाय फार जुना नाही. पेनसिल्व्हेनियातील मतिमंद मुलांच्या पालकसंघटनेचा दावा आणि राजधानी वॉशिंग्टनमधील मिल्स खटला, या दोहोंत १९७२ साली हे प्रस्थापित झाले की, विकलांगत्वाच्या कारणाने मुलाला सार्वजनिक शाळेबाहेर ठेवता येणार नाही. पहिला दावा चालवणारे टॉमस गिलहूल यांचा भाऊ स्वतः बौद्धिक विकलांगत्व असलेला होता. पैसा अपुरा आहे ही सबब मिल्स खटल्यात न्यायालयाने मानली नाही. तुटवडा असेल तर त्याची झळ याच मुलांना अधिक बसता कामा नये, असे त्याने बजावले. १९७५ साली अमेरिकी संसदेने सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा दहा लाख मुले शाळेबाहेरच आहेत अशी नोंद त्या कायद्यातच होती. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी आराखडा, तो ठरवताना पालकांचा सहभाग, आणि मतभेद झाल्यास निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढे सुनावणी, अशी त्याची रचना आहे. त्यात ‘समुचित’ शिक्षणाची हमी आहे. मात्र समुचित म्हणजे किती, हे कायद्याने मोघमच ठेवले.

ते ठरवण्याचा प्रसंग रौली खटल्याने आणला. न्यूयॉर्क राज्यातील पीक्सकिलच्या शाळेत एमी रौली ही जवळजवळ ठार बहिरी मुलगी शिकत होती. आईवडील दोघेही कर्णबधिर. एमी ओठांच्या हालचालींवरून बोलणे उत्तम ओळखी. शाळेने तिला श्रवणयंत्र दिले होते, रोज तासभर खास शिक्षक आणि आठवड्यातून तीन तास वाचोपचार देऊ केले होते. खुणांच्या भाषेत वर्गातले बोलणे सांगणारा दुभाषी मात्र नाकारला. बालवाडीत दोन आठवडे दुभाषी बसवून पाहिला होता. त्यानेच तूर्त गरज नसल्याचा अभिप्राय दिला होता. संघीय जिल्हा न्यायालयाने दोन गोष्टी एकाच वेळी नोंदवल्या: एमी वर्गातील सरासरी मुलापेक्षा पुढे आहे, आणि ती बहिरी नसती तर वर्गात चाललेले जेवढे तिला कळले असते, त्याहून तिला पुष्कळच कमी कळते. सर्वोच्च न्यायालयाने जून १९८२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी पहिल्या गोष्टीला महत्त्व दिले. मूल शिक्षणाचा काही लाभ घेत असेल, नेमाने वरच्या इयत्तेत जात असेल, तर राज्याचे कर्तव्य संपले. त्याच्या क्षमतेची परिसीमा गाठून देणे हे राज्याचे काम नव्हे, असा न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांच्या निकालपत्राचा आशय होता. असहमत न्यायमूर्ती व्हाइट यांनी उपरोधाने म्हटले की, या हिशेबाने एमीला मोठ्या आवाजाचा शिक्षक दिला तरी पुरे व्हावे.

या खटल्यातील वकिलाची हकिगत निकालाइतकीच बोलकी आहे. एमीच्या बाजूने उभे राहिलेले मायकेल चॅटॉफ हे स्वतः कर्णबधिर होते. त्या न्यायासनापुढे युक्तिवाद करणारे ते पहिलेच कर्णबधिर वकील. न्यायमूर्तींचे प्रश्न यंत्राद्वारे तत्काळ टिपले जाऊन त्यांच्यासमोरील पडद्यावर अक्षररूपाने उमटत होते. म्हणजे बोललेला प्रत्येक शब्द आपल्यापर्यंत पोचावा ही सोय वकिलाला तासाभराच्या युक्तिवादासाठी मिळाली, आणि त्याच्या अशिलाला तीच सोय वर्षानुवर्षांच्या शाळेसाठी मिळाली नाही. न्यायालयाला यात विसंगती दिसली नसावी. न्यायालयात अर्धे ऐकू येणे म्हणजे अन्याय, हे सर्वांनाच कळते. वर्गात अर्धे ऐकू येऊनही मूल उत्तीर्ण होत असेल, तर अन्याय कोठे झाला हे दाखवणे कठीण होते.

एमीच्या विरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा तिचे गुणपत्रक हाच ठरला. हक्क मिळवायचा तर उणीव सिद्ध केली पाहिजे. आणि मुलाने कष्टाने ती उणीव झाकली, तर तो कष्टच त्याच्या आड येतो. परिणामी वकिलाला एका चमत्कारिक भाषेत बोलावे लागते. मूल काय करू शकत नाही, किती मागे आहे, कोणत्या चाचणीत किती खाली आहे, याची जंत्री त्याने जितकी परिणामकारक मांडावी तितकी त्याच्या अशिलाची बाजू बळकट. ही मांडणी खोटी नसते, पण ती त्या मुलाचे चरित्रही नसते. कथाकाराने आपले पात्र केवळ त्याच्या दुःखापुरते रंगवले, तर समीक्षक त्याला सोडत नाहीत. वकिलाला मात्र नेमके तेच करण्याचे मानधन मिळते. यावर काही वकील मुलाच्या सामर्थ्यापासूनच युक्तिवाद सुरू करतात: हे मूल इतके करू शकते, म्हणूनच याला एवढ्यावर अडवणे अन्यायाचे. ही भूमिका अधिक सन्मानाची आहे यात शंका नाही. तथापि रौलीच्या कसोटीपुढे ती बराच काळ दुबळी राहिली.

२०१७ साली कोलोरॅडोतील एन्ड्रू एफ. या स्वमग्न मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कसोटी उंचावली. नाममात्र प्रगतीने भागणार नाही. मुलाची परिस्थिती ध्यानात घेऊन आखलेला आराखडा पुरेसा महत्त्वाकांक्षी असला पाहिजे, असे ठरले. तरी तोवर त्याच्या पालकांनी त्याला खासगी शाळेत घालून खर्च सोसला होता. आधी पैसे भरावे आणि मग भरपाईसाठी भांडावे, हा मार्ग १९८५ व १९९३ च्या निकालांनी मोकळा केला; तो कोणाला परवडतो हे सांगायला नको. जिंकलेल्या पालकांना वकिलाची फी मिळण्याची तरतूद १९८६ साली झाली, पण तज्ज्ञांचा खर्च तीत येत नाही असे २००६ मध्ये ठरले.

अधिक अवघड प्रश्न अशील कोण हा आहे. वकीलपत्रावर सही आईवडिलांची असते. २००७ च्या एका निकालाने या कायद्याखाली पालकांना त्यांचे स्वतःचेही हक्क आहेत, हे मान्य केले. अमेरिकन बार असोसिएशनचे आदर्श नियम सांगतात की, अशिलाची निर्णयक्षमता मर्यादित असली तरी त्याच्याशी शक्य तितके नेहमीचेच नाते राखावे. परंतु आईला सर्वसाधारण वर्ग हवा आणि मुलगा त्या वर्गात दिवसभर घाबरून बसतो, किंवा वडिलांना निवासी शाळा हवी आणि मुलीला घर सोडवत नाही, अशा वेळी तो नियम वाट दाखवत नाही. पालकांचे प्रेम येथे वादातीत असते आणि म्हणूनच त्याच्या आडून मुलाचे म्हणणे हरवणे सोपे असते. वकिलाने मुलाला एकदा तरी भेटावे, त्याच्या वर्गात जाऊन बसावे, ही अपेक्षा साधी दिसते. पण ती पाळणारा वकील पुष्कळदा आपल्या युक्तिवादाला गैरसोयीचे असे काही पाहून परततो.

बहुतेक राज्यांत वयाच्या अठराव्या वर्षी हे हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातात, आणि शाळेला त्याची पूर्वसूचना किमान वर्षभर आधी द्यावी लागते. वर्षानुवर्षे त्याच्या वतीने जमवलेली कागदपत्रे, चाचण्यांचे अहवाल, उणिवांची ती सारी जंत्री तेव्हा त्याच्या हाती येते. तो ती वाचू शकतो, आणि आपल्यासाठी जिंकून आणलेली एखादी गोष्ट नाकारूही शकतो. एमी रौलीचे कुटुंब निकालानंतर न्यू जर्सीत राहायला गेले. तेथे तिला दुभाषी मिळाला. पुढे तिने विद्यापीठात खुणांच्या भाषेचे अध्यापन केले आणि आपल्या खटल्याविषयी २००८ साली स्वतःच लिहिले.