पाच वर्षांत आठ महापौर

नोव्हेंबर २०१५ ते नोव्हेंबर २०२० या एकाच सभागृहाच्या मुदतीत कोल्हापूरला आठ महापौर मिळाले. अश्विनी रामाणे यांच्यापासून निलोफर आजरेकर यांच्यापर्यंत आठही महिला. कायद्याने महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची आहे, म्हणजे पाच वर्षांत दोन महापौर व्हायला हवे होते. बाकीचे सहा राजीनाम्यांतून आले. कोणाच्या वाट्याला किती महिने, हे नेत्यांच्या बैठकीत ठरते. ते महिने भरले की राजीनामा, मग पुन्हा अर्ज, पुन्हा व्हीप, पुन्हा नगरसेवकांची सहल आणि महापालिका चौकात पुन्हा गुलाल. पदाची ही खांडोळी शहराच्या इतकी अंगवळणी पडली आहे की नव्या महापौरांचे अभिनंदन करतानाच लोक ‘किती महिने?’ असे विचारून घेतात.

हे कसे झाले हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. संस्थानी अमलात अधिकार दरबाराचा होता, पण सत्तेच्या खुर्चीवर सर्व समाजांचा वाटा आहे हा विचार याच दरबाराने रुजवला. शाहू महाराजांचा मागास समाजांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम १९०२ चा. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली, तरी लोकांनी निवडलेले सभागृह यायला १९७८ उजाडले. कोल्हापूरला महापौर मिळाला तो तेव्हा.

मात्र महापालिकेचा साचा इथला नव्हता. इंग्रजांनी १८८८ च्या कायद्याने मुंबईत कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती ठेवली, आणि राज्यातल्या इतर महापालिकांच्या कायद्यातही तीच रचना उतरली. तिजोरीची किल्ली आयुक्त आणि स्थायी समिती यांच्यात वाटलेली. महापौरांनी सभा चालवायची, पाहुण्यांचे स्वागत करायचे, प्रथम नागरिक म्हणून मिरवायचे. मुदत वर्षाची. मुंबईत तर दरवर्षी वेगळ्या समाजाला मान देण्याचा संकेत होता. पद मानाचे आहे आणि मान वाटून घ्यायचा असतो, ही समजूत तिथूनच रुजली. पुढे कायद्याने मुदत अडीच वर्षांवर नेली, समजूत मात्र बदलली नाही. देवळात प्रसाद वाटावा तसे पद वाटले जाऊ लागले.

कोल्हापुरात त्याला आघाड्यांच्या राजकारणाची जोड मिळाली. कित्येक वर्षे इथे पक्षापेक्षा पेठ, तालीम आणि गट मोठा होता. महादेवराव महाडिक यांच्या ताराराणी आघाडीचा वरचष्मा होता, आणि गट सांभाळायचा तर प्रत्येकाला काहीतरी द्यावेच लागे. नंतर पक्षांची चिन्हे आली, काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकत्र आले, पण वाटपाची रीत त्यांनी जशीच्या तशी उचलली.

या रीतीचे समर्थन करणारे म्हणतात की त्यामुळे जास्त जणींना संधी मिळते. हे म्हणणे मी गंभीरपणे घेतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. हसिना फरास आणि निलोफर आजरेकर या मुस्लिम महिला शाहूंच्या नगरीच्या प्रथम नागरिक झाल्या, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण त्यांना काम करायला किती वेळ दिला? चार-पाच महिन्यांच्या महापौरांना धड अंदाजपत्रकही हाताळता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निम्मे शहर पाण्याशी झुंजत होते, तेव्हा माधवी गवंडी यांना खुर्चीत बसून जेमतेम महिना झाला होता. महिलेला पद द्यायचे आणि पदाचा वेळ काढून घ्यायचा, यात आरक्षणाचा हेतूच मारला जातो.

काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनचेच पाहा. मंजुरीपासून नळाला पाणी येईपर्यंत जवळपास दशक गेले. त्या काळात इतके महापौर आले-गेले की योजनेच्या दिरंगाईचा जाब विचारायचा कोणाला, हेच नागरिकाला कळेना. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचले तेव्हा शहराला महापौरच नव्हता, तीन वर्षे प्रशासकाचा कारभार चालू होता.

जगात याची उत्तरे वेगवेगळी शोधली गेली. न्यू यॉर्कमध्येही एकेकाळी नगरसेवकच महापौर निवडत. १८३४ पासून तो हक्क मतदारांकडे आला. झोहरान ममदानी नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे निवडून आले ते थेट लोकांच्या मतांवर, चार वर्षांसाठी. उलट ओहायोतल्या डेटन शहराने १९१३ च्या महापुरानंतर कारभार एका व्यावसायिक व्यवस्थापकाकडे सोपवला आणि महापौरपद बरेचसे मानाचे ठेवले. वरवर ते आपल्यासारखे वाटते. फरक एवढाच की तिथल्या व्यवस्थापकाला सभागृह नेमते आणि सभागृहच काढते. आपला आयुक्त मंत्रालयातून येतो. म्हणजे आपल्याकडे लोकांनी थेट निवडलेला महापौरही नाही आणि महापौरांना बांधील असलेला अधिकारीही नाही.

महाराष्ट्राने थेट निवडणूक पाहिलेली आहे. नगराध्यक्ष १९७४ मध्ये थेट निवडले गेले, २००१ मध्ये पुन्हा, २०१६ मध्ये पुन्हा. २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. त्या त्या वेळी सत्तेत असलेल्यांच्या सोयीने नियम फिरत राहिला. इचलकरंजीच्या मतदारांनी २०१६ मध्ये आपला नगराध्यक्ष स्वतः निवडला होता. २०२२ मध्ये शहराची महापालिका झाली आणि तो हक्क गेला. शहर मोठे झाले आणि मतदार लहान झाला. कागलचा मतदार नगराध्यक्ष निवडतो, वीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरच्या मतदाराला महापौर निवडता येत नाही, याचे पटेल असे कारण आजवर कोणी दिलेले नाही.

तरी नुसती थेट निवडणूक पुरेशी आहे असे मला वाटत नाही. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशा नगरपालिकांमध्ये भांडणात वर्षे गेली आहेत. महापौर थेट निवडायचा तर त्याला अधिकारही द्यावे लागतील, आणि तो कायदा मुंबईत होईल तेव्हा होईल. कोल्हापूरच्या हातात आज आहे ते एवढेच, की कायद्यात लिहिलेली अडीच वर्षे पूर्ण होऊ द्यायची. त्यासाठी विधिमंडळाची गरज नाही.

पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिल्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी शहराने ८१ नगरसेवकांसाठी मतदान केले. आता एक प्रभाग सोडला तर प्रत्येक प्रभागात चार-चार नगरसेवक आहेत. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांकडे जा आणि विचारा: महापौरांचा राजीनामा मुदतीआधी मागितला गेला, तर तुम्ही सभागृहात उभे राहून विरोध नोंदवणार का? उत्तर लेखी घ्या आणि तालमीच्या फळ्यावर लावा.